डेक्सवर स्वॅप केला की दरवेळी टोकन कमी येतात: कारण कसं शोधायचं, काय बदलायचं

लक्षण साधारण असं असतं. युनिस्वॅपसारख्या डेक्सवर (मध्ये कंपनी न घेता, कोडमार्फत टोकनची अदलाबदल म्हणजे स्वॅप करून देणारा बाजार) तुम्ही २०,००० यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं टोकन) देऊन इथर (इथेरियम नेटवर्कचं नाणं) घ्यायला जाता. स्क्रीनवर आकडा दिसतो ९.८०. कन्फर्म दाबता, एक-दोन ब्लॉकमध्ये (ब्लॉक म्हणजे एकदम नोंदवलेल्या व्यवहारांचा गठ्ठा) व्यवहार पक्का होतो आणि वॉलेटमध्ये जमा होतात ९.३१. व्यवहारासमोर 'सक्सेस' लिहिलेलं, एरर कुठेच नाही. पुढच्या वेळी दुसरं टोकन घेता, पुन्हा तेच.

एकदा घडलं तर भाव हलला असं म्हणता येतं. पण भाव दोन्ही बाजूंना हलतो, त्यामुळे कधीतरी दाखवल्यापेक्षा थोडं जास्तही पदरात पडायला हवं. तसं कधीच होत नसेल, आणि तूट दरवेळी तुम्ही ठेवलेल्या स्लिपेजच्या आकड्याला (दाखवल्यापेक्षा किती टक्के कमी आलं तरी चालेल ती मर्यादा) टेकूनच थांबत असेल, तर तुमच्या व्यवहाराचं सँडविच होतंय, म्हणजे कोणीतरी तुमच्या अगदी आधी खरेदी आणि लगेच नंतर विक्री करून मधला फरक खातंय, असं धरून तपास सुरू करा.

बहुतेक जण अशा वेळी आधी वॉलेटकडे धाव घेतात. नवा सीड फ्रेज (वॉलेटची गुप्त शब्दावली), सगळ्या अप्रूव्हल (अॅपना दिलेल्या टोकन वापरायच्या परवानग्या) रद्द, अँटिव्हायरस. यातलं काहीच वाईट नाही, पण या दुखण्यावर ते औषध नाही. वॉलेट फुटलेलं नसतं, डेक्सच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या कोडमध्ये) भोक नसतं. तुम्ही सही करताना 'किमान ९.३१ मिळाले तरी चालतील' असं लिहून दिलेलं असतं आणि कोणीतरी तुम्हाला बरोबर तेवढेच मिळतील अशी व्यवस्था केलेली असते.

आधी दुसरी कारणं बाजूला काढा

सँडविचवर खापर फोडण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या, कारण त्यांचा इलाज वेगळा आहे.

पहिली म्हणजे प्राइस इम्पॅक्ट. पूल (ज्या दोन टोकनांच्या साठ्यातून डेक्स अदलाबदल करून देतं तो साठा) उथळ असेल तर तुमची स्वतःचीच खरेदी भाव वर ढकलते. वरच्याच उदाहरणात पुलात १०,००,००० यूएसडीसी आणि ५०० इथर आहेत असं धरा, म्हणजे भाव २,००० झाला. २०,००० चे हिशेबाने १० इथर यायला हवेत, पण एवढ्या पुलात येतील ९.८०, तेही पुलाची फी न धरता. हे ०.२० इथर कोणी चोरलेलं नाही, ते पुलाच्या गणिताचंच फळ आहे. ९.८० पासून ९.३१ पर्यंतची घसरण ही आपली समस्या. स्क्रीनवर प्राइस इम्पॅक्ट वेगळा दाखवतात, तो स्लिपेज समजून बसू नका. या दोघांची गल्लत फार होते.

दुसरी, टोकनचाच कर. काही टोकन प्रत्येक हस्तांतरावर टक्केवारी कापतात. मीम कॉइनमध्ये हा प्रकार बराच दिसतो. इथरस्कॅनवर (इथेरियमचे सगळे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) त्या व्यवहारातली टोकन हस्तांतरं पाहा. पुलातून निघालेली रक्कम आणि तुमच्या पत्त्यावर आलेली रक्कम वेगळी असेल आणि मधला तुकडा टोकनच्या कॉन्ट्रॅक्टकडे किंवा तिसऱ्याच पत्त्याकडे गेला असेल, तर उत्तर सापडलं.

तिसरी, लटकलेला व्यवहार. गॅस (व्यवहारासाठीची नेटवर्क फी) कमी लावला म्हणून व्यवहार दहा-पंधरा मिनिटं रांगेत पडून राहिला आणि तेवढ्यात बाजार खरोखरच हलला. डेक्सच्या सेटिंगमध्ये डेडलाइन नावाचा आकडा असतो. तो चार-पाच मिनिटांवर आणा, म्हणजे शिळा व्यवहार आपोआप बाद होईल.

इथरस्कॅनवर पुरावा कसा शोधायचा

व्यवहाराचा हॅश (त्याची ओळख सांगणारा लांब आकडा) इथरस्कॅनवर टाका आणि 'मोअर डिटेल्स' उघडा. तिथे ब्लॉकमधला तुमचा क्रमांक दिलेला असतो. समजा तुमचा क्रमांक ३ आहे. आता त्या ब्लॉकच्या सगळ्या व्यवहारांची यादी उघडा आणि क्रमांक २ आणि ४ पाहा.

सँडविच असेल तर चित्र असं दिसतं. क्रमांक २ ने तुम्ही जे टोकन घेतलं तेच, त्याच पुलातून, तुमच्या आधी विकत घेतलं. क्रमांक ४ ने तेच टोकन जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात तुमच्यानंतर लगेच विकलं. दोन्ही व्यवहार एकाच कॉन्ट्रॅक्टकडे गेलेले असतात. पाठवणारे पत्ते कधी वेगळे असतात, कॉन्ट्रॅक्ट सहसा एकच. बहुतेकदा ते अगदी शेजारीच सापडतात, क्वचित मध्ये दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाचा व्यवहारही असतो, कारण एकाच सँडविचमध्ये दोन-तीन जणांना भरायला बॉटची (हे सगळं आपोआप करणाऱ्या प्रोग्रॅमची) काही हरकत नसते.

फक्त तुमच्यानंतरचाच व्यवहार संशयास्पद असेल, तुमच्या आधी काहीच नसेल, तर ते सँडविच नाही. तुमच्या खरेदीने पुलाचा भाव बाकीच्या बाजारापेक्षा वर गेला आणि कोणीतरी तो फरक उचलला, एवढंच. याला बॅकरन म्हणतात. त्यात तुमच्या पदरात पडलेले टोकन कमी होत नाहीत. अशा आर्बिट्राजमुळेच वेगवेगळ्या पुलांतले भाव एकमेकांशी जुळलेले राहतात, त्यामुळे त्यावर राग धरण्याचं कारण नाही.

पाच टक्के ठेवल्यावर नेमकं काय होतं

सही केलेला व्यवहार ब्लॉकमध्ये जायच्या आधी मेमपूल या उघड्या रांगेत पडतो. कोणीही तो वाचू शकतो: कोणतं टोकन, किती रक्कम, किमान किती मिळालं तर चालेल. मार्केट यार्डात शिरतानाच 'दहा क्रेट हवेत आणि पाच टक्के जास्त गेले तरी मी घेणारच' असं ओरडत जावं, तसा हा प्रकार आहे.

मेमपूल वाचणाऱ्या बॉटचा चालक म्हणजे सर्चर. तो तीन व्यवहारांची मोळी बांधतो: आपली खरेदी, तुमची खरेदी, आपली विक्री. ही मोळी तो बिल्डरला, म्हणजे ब्लॉक रचणाऱ्याला, देतो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम प्रूफ ऑफ स्टेकवर आलं, तेव्हापासून दर १२ सेकंदांनी एका व्हॅलिडेटरला (इथर तारण ठेवून, म्हणजे स्टेक करून, नेटवर्क चालवणाऱ्याला) ब्लॉक मांडायचा हक्क मिळतो. पण बहुतांश व्हॅलिडेटर ब्लॉक स्वतः रचत नाहीत. एमईव्ही-बूस्ट नावाच्या सॉफ्टवेअरमधून जो बिल्डर जास्त बोली लावेल त्याचा ब्लॉक ते स्वीकारतात. म्हणजे व्यवहारांचा क्रम चक्क लिलावात विकला जातो. या सगळ्या वसुलीला मॅक्झिमल एक्स्ट्रॅक्टेबल व्हॅल्यू, थोडक्यात एमईव्ही म्हणतात. फिलिप डाएन आणि सहकाऱ्यांनी २०१९ च्या शोधनिबंधात हा विषय नावासकट मांडला, तेव्हा तो मायनरांच्या (प्रूफ ऑफ स्टेकच्या आधी ब्लॉक रचणाऱ्यांच्या) नावावर होता. गंमत म्हणजे इथेरियमचं नेटवर्क २०१५ मध्ये सुरू होण्याच्याही आधी, २०१४ मध्ये, एका टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने मायनर असं करू शकतील असा इशारा देऊन ठेवला होता.

आता आपल्या पुलातला हिशेब. सोपं जावं म्हणून फी बाजूला ठेवली आहे. तुमचं स्लिपेज ५ टक्के. बॉट तुमच्या आधी साधारण २६,२४० यूएसडीसी टाकून १२.७८ इथर उचलतो. भाव वर जातो. तुमचे २०,००० आत येतात आणि तुम्हाला ९.३१ मिळतात, म्हणजे तुम्ही मान्य केलेली अगदी तळाची मर्यादा. भाव आणखी वर जातो. बॉट आपले १२.७८ इथर परत विकतो आणि त्याला सुमारे २७,२६० यूएसडीसी मिळतात. फरक साधारण १,०२० चा. तुमचं अर्धं इथर कुठे गेलं ते इथे दिसतं. ०.३ टक्के फीचा पूल असेल तर त्यातले सुमारे १६० फीमध्ये जातात, काही गॅसमध्ये, आणि उरलेल्यातला मोठा वाटा बिल्डरला आणि तिथून व्हॅलिडेटरला बोली म्हणून. बॉटांची आपापसातली चुरस इतकी असते की चालकाच्या हातात कित्येकदा चिल्लरच राहते.

तुम्ही स्वतः इथर स्टेक केलं असेल तर तुमच्या परताव्यात या बोल्यांचाही थोडा अंश असतो, हेही लक्षात असू द्या.

हाच हिशेब ०.५ टक्के स्लिपेजने केला तर बॉटला फक्त सुमारे २,५३० टाकता येतात आणि फरक उरतो १०० च्या आसपास. त्यातून फी, दोन व्यवहारांचा गॅस आणि बोली वजा करा. गॅस जरा चढा असेल तर बॉट तुमच्याकडे बघणारही नाही. एक आकडा बदलल्याने शिकार दहापट लहान झाली.

काय बदलायचं

माझ्या मते क्रम असा असावा: आधी व्यवहार उघड्या रांगेत जाणं बंद करा, मग स्लिपेज आवळा. लोक बरोब्बर उलटं करतात, नुसतं स्लिपेज ०.१ वर नेतात आणि मग व्यवहार फेल व्हायला लागले की वैतागून एकदम १० टक्क्यांवर जातात.

सगळ्यात सोपा बदल म्हणजे वॉलेटमधला आरपीसी. आरपीसी म्हणजे तुमचं वॉलेट ज्या दारातून नेटवर्कशी बोलतं ते दार. फ्लॅशबॉट्स प्रोटेक्ट आणि एमईव्ही ब्लॉकर हे दोन मोफत आरपीसी तुमचा व्यवहार मेमपूलमध्ये न टाकता थेट बिल्डरांकडे पाठवतात. मेटामास्क वॉलेटमध्ये इथेरियम मेननेटच्या (मुख्य नेटवर्कच्या) नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन नवा आरपीसी पत्ता जोडायचा, चेन आयडी १ तोच ठेवायचा आणि नवा पत्ता निवडलेला आहे याची खात्री करायची. पत्ता त्या-त्या प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच घ्या. गुगलवरच्या जाहिरातीतून घेऊ नका. आणि आरपीसी जोडायला सीड फ्रेज कधीच लागत नाही. कोणी मागितला तर टॅब बंद करा.

याचा एक जोडफायदा आहे. फ्लॅशबॉट्स प्रोटेक्टमधून गेलेला व्यवहार फेल होणार असेल तर तो ब्लॉकमध्ये जातच नाही, म्हणून फुकटचा गॅस जळत नाही. त्यामुळे स्लिपेज कमी ठेवायची भीती उरत नाही. एमईव्ही ब्लॉकर २०२३ मध्ये सुरू झाला. तुमच्या व्यवहारामागून कोणी आर्बिट्राज केलं तर त्या कमाईतला ९० टक्के वाटा तो तुमच्या पत्त्यावर परत पाठवतो. लहान स्वॅपवर काही हाती लागेलच असं नाही, मोठ्यावर कधीकधी इथरचा छोटासा तुकडा अचानक आलेला दिसतो. तो बघून 'हे कोणी पाठवलं' म्हणून घाबरू नका.

दुसरा मार्ग मला मोठ्या रकमेसाठी जास्त पसंत आहे, आणि तो म्हणजे काउ स्वॅप किंवा युनिस्वॅप-एक्ससारखी व्यवस्था. इथे तुम्ही व्यवहार पाठवत नाही, फक्त 'हे देतो, किमान इतकं हवं' अशा ऑर्डरवर सही करता. सॉल्व्हर किंवा फिलर नावाचे लोक ती पुरी करायला आपापसात स्पर्धा करतात. काउ स्वॅपमध्ये अनेक ऑर्डरी एकत्र घेऊन एकाच भावाने मिटवतात, त्यामुळे कोण आधी आणि कोण नंतर या प्रश्नालाच अर्थ राहत नाही. ऑर्डर पुरी झाली नाही तर गॅसही जात नाही. तोटे आहेतच: वेळ थोडा जास्त लागतो, अगदी नव्या किंवा भुक्कड टोकनला कोणी सॉल्व्हर हात लावत नाही, आणि तुम्ही स्वतःच किमान आकडा फार खाली ठेवला तर इथेही कमी मिळू शकतं.

स्लिपेज कितीवर ठेवायचं? यूएसडीसी-यूएसडीटीसारख्या स्थिर (दोन्ही टोकन डॉलरशी बांधलेल्या) जोडीला ०.१ टक्के पुरेसं आहे. इथर किंवा रॅप्ड बिटकॉइनच्या खोल पुलांना ०.३ ते ०.५. बाकी टोकनांना १ टक्क्यावर अडत असेल तर आधी पूल किती खोल आहे ते बघा. ज्या टोकनसाठी १५ टक्के स्लिपेज 'लागतंच' असं टेलिग्रामवर सांगतात, ते टोकन घेण्याआधी दोनदा विचार करा. एप्रिल २०२३ मध्ये पेपे आणि इतर मीम कॉइनची लाट आली तेव्हा जारेडफ्रॉमसबवे डॉट ईटीएच नावाचा सँडविच बॉट इतका धडाक्यात चालला की गॅस जाळणाऱ्यांच्या यादीत तो अगदी वर होता. त्याचा सगळा धंदा असल्याच मोकळ्या स्लिपेजवर उभा होता.

स्थिर जोडी म्हणजे धोका नाही, अशी समजूत असेल तर १२ मार्च २०२५ ची घटना पाहा. एका पत्त्याने युनिस्वॅप व्ही३ च्या पुलात सुमारे २,२०,००० यूएसडीसी देऊन यूएसडीटी घ्यायचा स्वॅप केला आणि हातात पडले ५,२७१. डॉलरला डॉलर देण्याचा व्यवहार, आणि ९७ टक्क्यांहून जास्त रक्कम गेली. त्यातले सुमारे दोन लाख डॉलर बॉटने ब्लॉक बिल्डरला बोली म्हणून मोजले. युनिस्वॅपचे संस्थापक हेडन अॅडम्स यांनी नंतर स्पष्ट केलं की तो व्यवहार त्यांच्या अधिकृत स्क्रीनवरून आलेला नव्हता. तिथे स्लिपेजची मर्यादा आणि संरक्षण आधीच लावलेलं असतं. थेट कॉन्ट्रॅक्टला हात घालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये किंवा कुठल्यातरी अनोळखी पानावर किमान आकडा शून्य राहिला, तर तो तुम्हाला कोणी सांगायला येत नाही. अशी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

बदल केला, तरी तेच होतंय

बहुतेक तक्रारी इथेच अडकतात, म्हणून जरा सावकाश.

आरपीसी जोडला पण तो चालू नाही, हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं. मेटामास्कच्या यादीत नवा पत्ता असतो, पण निवडलेला जुनाच राहतो. तपासायची युक्ती सोपी आहे: व्यवहार पाठवल्याबरोबर त्याचा हॅश इथरस्कॅनवर टाका. तो 'पेंडिंग' म्हणून दिसला तर उघड्या रांगेत गेलाय. खासगी मार्गाने गेला असेल तर ब्लॉकमध्ये येईपर्यंत इथरस्कॅनला तो सापडतच नाही. हे बघून काही जण 'व्यवहार हरवला' म्हणून पुन्हा पाठवतात, आणि तेही दुसऱ्या वॉलेटमधून, सार्वजनिक मार्गाने. तसं करू नका. थोडं थांबा, खासगी व्यवहाराला कधीकधी काही ब्लॉक जास्त लागतात.

दुसरं कारण, संरक्षण एका चेनवर आणि स्वॅप दुसऱ्यावर. वर सांगितलेले आरपीसी इथेरियम मेननेटसाठी आहेत. तुम्ही पॉलिगॉन किंवा बीएनबी चेनवर स्वॅप करत असाल तर त्यांचा उपयोग शून्य. पॉलिगॉन मुंबईत मॅटिक या नावाने सुरू झालेला प्रकल्प. गॅस स्वस्त म्हणून आपल्याकडे बरेच जण तिथे आहेत. पण गॅस बॉटलाही स्वस्तच पडतो, मग लहान रकमेचं सँडविचही परवडतं. मेननेटवर गॅस महाग असतो तेव्हा पाचशे डॉलरच्या स्वॅपला जे कवच आपोआप मिळतं ते तिथे नसतं. तिथे स्लिपेज आवळणं आणि खोल पूल निवडणं हे पहिलं शस्त्र.

आर्बिट्रम, बेस, ऑप्टिमिझम या इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या चेनवर चित्र बरं आहे. तिथे व्यवहार एकाच सिक्वेन्सरकडे (व्यवहारांचा क्रम लावणाऱ्या यंत्रणेकडे) जातात आणि त्याची रांग बाहेरच्यांना दिसत नाही, म्हणून नेहमीच्या पद्धतीचं सँडविच क्वचित सापडतं. पण इथे तुम्ही त्या सिक्वेन्सर चालवणाऱ्यावर विश्वास टाकताय, हे लक्षात ठेवूनच. आर्बिट्रमने २०२५ मध्ये टाइमबूस्ट आणलं. त्यात काही क्षणांची आघाडी लिलावात विकत घेता येते. रांग दिसत नाही, तरी वेग विकला जातोच. लहान-मध्यम रकमेसाठी माझी पसंती तरीही याच चेनना राहील.

सोलाना या वेगळ्या चेनवर सार्वजनिक मेमपूल मुळात नाही. जिटो कंपनीने व्हॅलिडेटरांसाठी मेमपूलसारखी सेवा चालवली होती, ती मार्च २०२४ मध्ये बंद केली. सँडविच मात्र खासगी मार्गांनी चालू राहिलं. ज्युपिटरसारख्या अॅपमध्ये एमईव्ही संरक्षणाचं बटण असतं, ते चालू ठेवा आणि 'टर्बो'छाप वेगाच्या मोहात पडून ते बंद करू नका.

तिसरं कारण टेलिग्रामवरचे ट्रेडिंग बॉट. त्यांत स्लिपेजचा मूळ आकडा बराच मोकळा असतो आणि व्यवहार त्यांच्याच आरपीसीतून जातो, तुमच्या मेटामास्कच्या सेटिंगला तिथे कोणी विचारत नाही. त्या बॉटच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरून पाहावं लागतं.

आणि मोठी रक्कम एकाच उथळ पुलात ओतत असाल तर वरचं सगळं करूनही आकडा वाईटच येईल, कारण तो प्राइस इम्पॅक्ट आहे. रक्कम तुकड्यांत, मध्ये थोडा वेळ सोडून टाका किंवा अनेक पुलांतून मार्ग काढणारा अॅग्रिगेटर वापरा.

स्वॅप करतच नाही, तरी पैसे झिजतात

लिक्विडिटी देणाऱ्यांचं, म्हणजे पुलात स्वतःचे टोकन ठेवून फी कमावणाऱ्यांचं, लक्षण वेगळं असतं. फी रोज जमताना दिसते, पण सहा महिन्यांनी हिशेब केला तर टोकन नुसते धरून बसलो असतो तर जास्त राहिले असते असं निघतं. बाहेरच्या बाजारात भाव हलतो, पुलातला भाव काही क्षण जुनाच असतो आणि आर्बिट्राजवाला तो जुना भाव तुमच्याकडून उचलतो. मिलिओनिस, मोअलेमी, रफगार्डन आणि झँग यांनी २०२२ मध्ये या तोट्याचं गणित मांडलं. त्यावर आरपीसी बदलून काही होत नाही, कारण इथे तुमचा व्यवहार नसतोच, तुमचा पूल असतो. जोडी जितकी अस्थिर तितका तोटा मोठा. फीचं उत्पन्न या तोट्याच्या वर जातंय का, हे पाहूनच पूल निवडा. एपीआरचा (जाहिरातीतल्या वार्षिक परताव्याच्या दराचा) मोठा आकडा त्यातला फक्त जमेचा रकाना दाखवतो.

आवेसारख्या तारणावर कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलवर कर्ज घेतलं असेल तर हेल्थ फॅक्टर (तारण कर्जाला किती पुरतं याचा आकडा) १ च्या खाली जाताच बॉट तुमचं तारण विकायला धावतात, आणि त्याबद्दल त्यांना प्रोटोकॉलच बोनस देतो. ही गोष्ट टाळता येण्यासारखी आहे: हेल्थ फॅक्टर १.५ च्या खाली येऊ देऊ नका. बाजार कोसळतो तेव्हा गॅस इतका चढतो की ऐनवेळी तारण भरायचा तुमचा व्यवहार रांगेतच अडकतो. १२ मार्च २०२० ला मेकरच्या (डाय हे डॉलरशी बांधलेलं टोकन कर्जाने देणारा प्रोटोकॉल) तारणाच्या लिलावांत गर्दीमुळे बोली लावणारेच पोचू शकले नाहीत आणि काहींनी शून्य डाय बोलीवर लोकांचं इथर उचललं.

तक्रार कुठे करायची

खरं सांगायचं तर कुठे नाही. शेअर बाजारात दुसऱ्याची मोठी ऑर्डर आधी कळून तिच्या पुढे खरेदी करणं म्हणजे फ्रंट-रनिंग. सेबीच्या २००३ च्या नियमांखाली त्यावर कारवाई होते. क्रिप्टो सेबीच्या कक्षेत येत नाही. शिवाय इथे आतली खबर फोडलेली नाही, मेमपूल सगळ्यांना उघडा आहे. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने जून २०२२ च्या टिपणात हे बाजारातल्या गैरप्रकारांशी मिळतंजुळतं असल्याचं म्हटलं, युरोपच्या एस्मा या नियामकानेही २०२५ मध्ये या विषयावर अहवाल काढला. पण सँडविचमध्ये गेलेले पैसे परत मिळवून देणारी खिडकी अजून उघडलेली नाही.

कोर्टात गाजलेलं प्रकरण तर उलट्याच बाजूचं आहे. एप्रिल २०२३ मध्ये सँडविच बॉटांनाच आमिष दाखवून त्यांचे सुमारे अडीच कोटी डॉलर काढून घेतले गेले. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२४ मध्ये अँटन आणि जेम्स पेरेर-ब्वेनो या भावांवर आरोपपत्र ठेवलं. चोरावर मोर म्हणावं, तर फिर्यादी पक्षाच्या मते गुन्हा मोराचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्युरीचं एकमत झालं नाही आणि तो खटला निकालाविना थांबला.

त्यामुळे 'तुमचे एमईव्हीत गेलेले पैसे परत मिळवून देतो' असा मेसेज आला तर तो दुसरा दरोडा समजा. तसंच यूट्यूबवर 'स्वतःचा एमईव्ही बॉट बनवा, हा कोड चिकटवा, थोडं इथर टाका' असे व्हिडिओ फिरतात. त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये टाकलेलं इथर थेट कोड लिहिणाऱ्याच्या पत्त्यावर जातं. खरा सर्चर आपली युक्ती फुकट वाटत नाही, ती जगजाहीर झाली की तिची किंमतच संपते.

भारतातल्या करदात्यासाठी वेगळी नोंद

टोकनच्या बदल्यात टोकन घेणं हेही आपल्याकडे हस्तांतरच धरलं जातं. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो. वजावट फक्त खरेदीच्या किमतीची. एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे एका स्वॅपमध्ये सँडविचमुळे हजार डॉलर कमी आले आणि दुसऱ्या टोकनमध्ये हजार डॉलर नफा झाला, तर तुमच्या खिशात वाढ शून्य आणि कर मात्र पूर्ण हजारावर. फेल झालेल्या व्यवहारांत जळलेल्या गॅसचीही तीच गत.

डेक्सवर तुमच्या वतीने स्टेटमेंट काढणारं कोणी नसतं. प्रत्येक स्वॅपसाठी हॅश, तारीख, दिलेले टोकन, प्रत्यक्ष आलेले टोकन आणि त्या वेळचा रुपयातला भाव एका शीटमध्ये टाकत जा. स्क्रीनवर दाखवलेला आकडा हिशेबात धरू नका, प्रत्यक्ष आलेलाच धरा. शीटमध्ये दाखवलेला आणि मिळालेला असे दोन रकाने शेजारी ठेवले तर सीएचं कामही होतं, आणि पुढच्या वेळी फरक स्लिपेजच्या आकड्याला टेकायला लागला की तुम्हालाच आधी कळतं.